भयाची नांदी

चित्रपटाच्या आरंभी पडद्यावर जी नावे येतात आणि जातात, ती मन लावून वाचणारा प्रेक्षक विरळा. आपल्या चित्रपटगृहांत तर तो काळ आसने शोधण्याचा, डोअरकीपरच्या बॅटरीच्या उजेडामागून ठेचकाळत जाण्याचा आणि शेंगदाण्यांची पुडी सोडण्याचा मानला गेला. अमेरिकेतही स्थिती फार निराळी नव्हती. १९५५ सालच्या ‘द मॅन विथ द गोल्डन आर्म’ या चित्रपटाच्या डब्यांवर, नामावली सुरू होण्यापूर्वी पडदा बाजूला करावा, अशी सूचना यंत्रचालकांसाठी लिहावी लागली होती. कारण तोवर नावे मिटलेल्या पडद्यावरच दाखवण्याची पुष्कळ ठिकाणी वहिवाट होती. वाङ्मयसमीक्षेने ग्रंथाची अर्पणपत्रिका तपासली, प्रस्तावना तपासली, नाट्यसमीक्षेने नांदीवर पानेच्या पाने लिहिली; परंतु श्रेयनामावली ही कारकुनी बाब समजून आपण ती सोडून दिली. इतर प्रकारच्या चित्रपटांच्या बाबतीत या उपेक्षेने फारसे बिघडत नसेल. भयपटाच्या बाबतीत बिघडते. हसू एकदम येऊ शकते. दचकणेही एकदम येते. पण दचकणे म्हणजे भय नव्हे. भयाला मनाची जमीन आधी भिजवावी लागते, आणि ती भिजवण्याचे काम चित्रपटात पहिल्या दोन-तीन मिनिटांत होते किंवा होतच नाही.

या प्रश्नाकडे पाहण्याची एक वाट आपल्या जुन्या शास्त्रात आहे. भरताने पूर्वरंगाला नाट्यशास्त्राचा एक सबंध अध्याय दिला. अभिनवगुप्ताने त्या विधीचे प्रयोजन अधिक सूक्ष्मपणे सांगितले. रसप्रतीतीच्या मार्गात येणाऱ्या सात विघ्नांपैकी एक विघ्न असे की, समोर दिसणारे सुखदुःख माझे आहे किंवा अमक्या दुसऱ्याचे आहे, असा हिशेब प्रेक्षकाच्या मनात उभा राहतो. पूर्वरंग आणि प्रस्तावना हे विघ्न दूर करतात. तेथे नट हा नट म्हणून आधी दिसतो आणि नंतर मुकुटादी वेषाने त्याचे नटपण झाकले जाते. नट आणि पात्र ही दोन्ही ज्ञाने एकमेकांना छेदतात आणि प्रेक्षक त्या हिशेबातून मोकळा होतो. विशेष लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की, भावाचे साधारणीकरण समजावून देताना त्याने उदाहरण घेतले ते शृंगाराचे नव्हे, भयाचे : शाकुंतलाच्या पहिल्या अंकात दुष्यंताच्या रथापुढे मान वळवून पळणाऱ्या हरिणाचे. ते भय त्या हरिणाचे राहत नाही, माझेही होत नाही, स्थळकाळाच्या पलीकडचे केवळ भय उरते.

चित्रपटाची नामावली हा असाच पूर्वरंग आहे, असे म्हटले तर एक मौजेची अडचण उभी राहते. ‘अशोककुमार’, ‘मधुबाला’ ही अक्षरे पडद्यावर उमटतात तेव्हा ती प्रेक्षकाला धीर देतात : हे सोंग आहे, ही माणसे पगारी आहेत, यांचे छायाचित्र काढणारा मनुष्यही यांच्यासमोर उभा होता आणि तो जिवंत परत आला. अक्षरे अशी धीर देत असतानाच अक्षरांच्या मागचे चित्र आणि त्याखालचे संगीत नेमके उलट सांगत असते. पुढे लिहिले आहे ‘हे खोटे’, मागे दाखवले आहे ‘हे खरे’. भयपटाच्या नामावलीचे सगळे सामर्थ्य या दुटप्पीपणात आहे. शिवाय आपल्या नांदीत आशीर्वाद असतो, देवता प्रेक्षकांचे रक्षण करो अशी मागणी असते. भयपटाच्या नांदीत ते रक्षण काढून घेतले जाते.

ही गोष्ट मला प्रथम कळली ती ग्रंथांतून नव्हे. माझे बालपण कलकत्त्याच्या गार्डन रीचमध्ये गेले. वडील आग्नेय रेल्वेच्या नोकरीत होते. हुगळीकाठच्या या भागात अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत इंग्रज व्यापाऱ्यांचे बागबंगले होते. १८५६ साली राज्य गमावलेला अवधचा नवाब वाजिद अली शाह कलकत्त्यास आला आणि लगतच्या मटियाबुर्जमध्ये त्याने आपले धाकटे लखनौ वसवले. तो १८८७ मध्ये वारला, त्याच्या मालमत्तेचे लिलाव झाले, वाडे पाडले गेले. त्याच १८८७ साली बंगाल नागपूर रेल्वे ही कंपनी स्थापन झाली आणि पुढे तिचे मुख्य ठाणे गार्डन रीचलाच आले. नागपूर-गोंदियाकडची मराठी कुटुंबे या नदीकाठी येऊन राहिली ती त्या लोहमार्गामुळे. आमच्या वसाहतीत कधीमधी दोन बांबूंच्या मध्ये पांढरे कापड ताणून सोळा मिलिमीटरचे जुने हिंदी चित्रपट दाखवीत. पुढची जागा मोठ्यांची आणि वेळेवर आलेल्यांची. आम्ही मुले कापडाच्या मागच्या बाजूस बसत असू. तेथून चित्र स्वच्छ दिसे, फक्त डावे ते उजवे होई. माणसे डावखुरी होत, साडीचा पदर दुसऱ्या खांद्यावर जाई, त्याचे काही वाटत नसे. पण नावे वाचता येत नसत. नागरी अक्षरांची शिरोरेषा जागच्या जागी आणि तिच्याखाली लोंबणारी अक्षरे मात्र सगळी पाठमोरी. पुढे बसलेल्यांना नावांचा जो धीर मिळे तो आम्हांला मिळत नसे. आम्हांला नुसते मागचे चित्र, वारा आणि व्हायोलिन. भुताचा चित्रपट असला की पुढची मंडळी नामावलीत गप्पा मारीत आणि मागे आम्ही एकमेकांना चिकटून बसलेले असू. पुढे बऱ्याच वर्षांनी अभिनवभारतीतील पूर्वरंगाचा तो भाग वाचताना मला ते कापड आठवले. नटाचे नटपण आधी दिसले नाही, तर काय होते, याचा अनुभव आम्ही जमिनीवर बसून घेतला होता.

अक्षरांनाच भयाच्या कामी लावण्याचा पहिला मोठा प्रयत्न जर्मनांचा. १९२० च्या ‘डॉक्टर कॅलिगारी’मध्ये नेपथ्यातील घरे, रस्ते आणि खिडक्या जशा तिरक्या, धारदार आहेत, तशीच मधल्या पाट्यांवरची हस्तलिखित अक्षरेही, एके ठिकाणी तर शब्द चित्रातच उमटून माणसाचा पाठलाग करतात. येथे धीर देणारे असे काही उरतच नाही. वाचणे हीच एक भीतीची क्रिया होते. सॉल बासने ‘व्हर्टिगो’ (१९५८) आणि ‘सायको’ (१९६०) यांच्या नामावल्यांत हेच तत्त्व अमूर्त रूपात नेले. ‘सायको’त कोणतेही भयानक चित्र नाही. करड्या पट्ट्या धावतात, नावांचे तुकडे करतात, पुन्हा जोडतात, आणि बर्नार्ड हरमन केवळ तंतुवाद्यांवर ती घाई चालू ठेवतो. पुढे चित्रपटात काय व्हायचे आहे ते नावांचे आधी होऊन गेले. याच्या अगदी दुसऱ्या टोकाला ‘रोझमेरीज बेबी’ (१९६८) : गुलाबी, वळणदार अक्षरे आणि अंगाईगीतासारखा स्त्रीस्वर. प्रकाराची ओळख येथे लपवलेली आहे, आणि लपवल्यामुळेच त्या अंगाईची भीती वाटू लागते. इंग्लंडात हॅमर कंपनीच्या ‘ड्रॅक्युला’ने (१९५८) मात्र सरळ मार्ग धरला. नावे संपता संपता कॅमेरा तळघरात उतरतो आणि शवपेटीवर कोरलेल्या नावावर रक्त सांडते. हे ठोकळेबाज खरे. पण लेखन आणि रक्त यांची जी गाठ तेथे पडली, तिने पुढे जगभरच्या भित्तिपत्रकांवरची अक्षरे ओघळती करून टाकली.

आपल्याकडे काय झाले? ‘भारतीयांना भयपट करता येत नाही, आपला प्रेक्षक भुताला हसतो’ असे मत अनेकदा ऐकू येते, आणि ते मांडणारे बहुधा शेवटची रिळे पाहून बोलत असतात. माझी विनंती अशी की, त्यांनी आरंभ पाहावेत.

मराठी बोलपट अवघा दोन वर्षांचा असताना, १९३४ साली, पुण्याला नव्याने आलेल्या प्रभातने ‘अमृतमंथन’ मराठी आणि हिंदी अशा दोन्ही भाषांत काढला. शांताराम आदल्याच वर्षी जर्मनीला जाऊन आले होते. चित्रपट उघडतो तो चंडिकेच्या उपासकांच्या गुप्त बैठकीवर : काळोख, ज्योती, खालच्या बाजूने घेतलेली दृश्ये, आणि पडदाभर पसरलेला राजगुरूचा डोळा. दूरदर्शी भिंगाचा आपल्या चित्रपटातील हा पहिला उपयोग म्हणून इतिहासकार त्याची नोंद करतात आणि पुढे जातात. मला त्या डोळ्याचे महत्त्व निराळ्या कारणासाठी वाटते. राजगुरू हा माणूस आहे. त्याच्यात अतिमानुष काही नाही. नरबळी आणि पशुबळी बंद करू पाहणाऱ्या राजाविरुद्ध तो कट करतो, एवढेच. परंतु आरंभीची ती मिनिटे इतकी भयानक आहेत की पुढील सुधारणेचा सबंध युक्तिवाद त्या डोळ्यासमोर थोडा क्षीण वाटतो. सुधारकी हेतूच्या चित्रपटाचे तोंड भयानक रसाचे, ही विसंगती आपल्याकडे तेव्हापासून आहे आणि ती पुढे फार दूरवर गेली.

‘महल’ (१९४९) हे तिचे सर्वांत सुंदर उदाहरण. कमाल अमरोहींचे हे पहिले दिग्दर्शन, चित्रपट बॉम्बे टॉकीजचा, छायाचित्रण योझेफ वीर्शिंग या जर्मनाचे. वादळी रात्र, ओसाड प्रासाद, नवा मालक, आणि त्याला त्या वास्तूची दुर्दैवी प्रेमकथा सांगणारा म्हातारा माळी. मग भिंतीवरून तसबीर पडते आणि मालकाला दिसतो तो स्वतःचाच चेहरा. यानंतर लता मंगेशकरांचा स्वर ऐकू येतो, आणि प्रेक्षकाने भुतावर विश्वास ठेवला नाही तर तो दगड म्हणावा लागेल. तरी शेवटी कळते ते हेच की भूत नव्हते. एक जिवंत तरुणी होती. ‘बीस साल बाद’ (१९६२) मध्येही माणूसच, ‘वो कौन थी?’ (१९६४) मध्येही माणसाचाच डाव. कलकत्त्यातही तेच. १९५१ च्या ‘जिघांसा’चे मूळ ‘बास्करव्हिल्सचा कुत्रा’, आणि त्याचे संगीतकार हेमंतकुमार पुढे ‘बीस साल बाद’चे निर्माते झाले, तेव्हा दोन्ही शहरांमधला भुतांचा हा व्यापार एकाच पेढीचा होता, असे म्हटले तरी चालेल.

या सर्व चित्रपटांत वादळ हीच खरी नामावली असते. ‘वो कौन थी?’मध्ये पाऊस, मोटार, रस्त्याच्या मध्ये उभी असलेली पांढऱ्या साडीतील स्त्री आणि बंद पडणारे वायपर. काचेपलीकडचे दिसेनासे होते, आणि रस्ता दाखवते ती न पाहणारी, ती स्त्री. ‘मधुमती’त (१९५८) पुन्हा पाऊस, दरड कोसळून अडलेला रस्ता, जुन्या हवेलीत आसरा. कोणी म्हणेल हा साचा आहे. साचा आहेच, पण साच्याचे काम प्रकाराची घोषणा करणे हेच असते. रोमन, नागरी आणि उर्दू अशा तीन लिप्यांत नाव लिहिले जात असताना, तीही न वाचता येणाऱ्या असंख्य प्रेक्षकांना वीज आणि फाटक एवढे मात्र निश्चित वाचता येत होते.

येथे टीकाकाराला एक प्रश्न टाळता येत नाही. आरंभ जर भूत कबूल करतो आणि शेवट ते नाकारतो, तर नांदी खोटे बोलली काय? माझे उत्तर असे की, खोटे शेवट बोलतो. नव्या स्वतंत्र देशात, विवेकाच्या आणि विज्ञानाच्या भाषेत बोलणाऱ्या सुशिक्षित निर्मात्याला भूत मान्य करण्याची लाज वाटत होती. पण त्याच्या छायाचित्रकाराला, संगीतकाराला आणि गायिकेला ती लाज नव्हती. शेवटच्या रिळातील स्पष्टीकरण कोणाच्याही स्मरणात राहत नाही. ‘महल’मधील कारस्थानाचा तपशील आज किती जणांना सांगता येईल? झुलणारा झोपाळा सगळ्यांना आठवतो. ‘मधुमती’ने मात्र भूत शेवटपर्यंत खरे ठेवले. त्याचे कथालेखक ऋत्विक घटक होते, आणि मला हा योगायोग वाटत नाही.

कारण बंगालमध्ये वेगळे काही घडत होते. सत्यजित राय हे चित्रपटात येण्यापूर्वी जाहिरात कंपनीत आणि ग्रंथांच्या वेष्टनांवर अक्षरांचे काम करीत होते. अक्षराचा धर्म त्यांच्या बोटांत होता. ‘जलसाघर’च्या (१९५८) नामावलीत काळोख आहे आणि त्यात हलके हलके डोलणारे एक झुंबर. बाकी काही नाही. हा भुताचा चित्रपट नव्हे. निर्धन होत गेलेल्या एका जमीनदाराची ही कथा. परंतु वारा दिसत नाही, हात दिसत नाही, आणि झुंबर डोलते आहे. ज्या घराण्यात माणसे मेली आणि वस्तू उरल्या, त्या घराण्याचा सगळा इतिहास त्या डोलण्यात येऊन जातो. गार्डन रीचच्या जुन्या बंगल्यांच्या कथा लहानपणी आम्ही ऐकत असू, त्यांत नवाबाच्या महालातील झुंबरे हमखास असत. कोणीच ती पाहिलेली नसत. बंगालीत ‘हानाबाडी’ म्हणतात, मराठीत झपाटलेला वाडा. मराठी शब्दात कर्ता शिल्लक आहे : कोणी तरी झपाटले आहे. बंगाली शब्दात घरच चालून येते.

आणि ‘देवी’ (१९६०). मूळ कथा प्रभातकुमार मुखोपाध्यायांची. सासऱ्याला स्वप्न पडते की आपली धाकटी सून साक्षात् कालीमाता आहे, आणि त्या पोरीला मखरात बसवले जाते. या चित्रपटाची नामावली ही आपल्या देशातील भयानक रसाची सर्वश्रेष्ठ नांदी होय, असे माझे मत आहे, आणि ते मी कोणत्याही भयपटाच्या चाहत्यासमोर मांडायला तयार आहे. पडद्यावर एक मूर्तीचा चेहरा आहे. पांढरा, कोरा, रंग न चढलेला. नावे येतात, जातात. चेहरा तेथेच राहतो, पण तो बदलत चालला आहे. रेषा येतात, रंग येतो, अलंकार येतात. नावे संपतात तेव्हा माती देवी झालेली असते. कुमारटुलीतील कारागीर हेच दरवर्षी करतात, त्यात भिण्यासारखे काय? भिण्यासारखे हे की हे करणारा हात आपल्याला दिसत नाही. ज्या चेहऱ्याचे काही मत नाही त्याला कोणी तरी देवत्व चढवीत आहे, आणि चेहरा ते निमूट घेत आहे. यानंतर दुर्गापूजेचा थाट, बळीसाठी उचललेले खड्ग, आणि ते खाली येताच रक्ताच्या जागी आकाशात फुटणारे शोभेचे बाण. दयामयी अजून पुरती ओळखीचीही झालेली नाही, आणि तिचे काय होणार ते आपल्याला सांगून झाले आहे. फक्त आपण ते ऐकले आहे, हे आपल्याला ठाऊक नाही.

विसर्जनानंतरच्या दिवसांत गार्डन रीचच्या घाटाशी भरतीच्या पाण्यावर मूर्तींचे सांगाडे येऊन लागत. माती विरघळलेली, आत पेंढ्याचा बांधलेला देह, हात कधी असत कधी नसत. ‘देवी’ मी महाविद्यालयात असताना पहिल्यांदा पाहिला, आणि नामावली चालू असतानाच मला ते सांगाडे दिसू लागले. राय यांनी ते दाखवले नाहीत. त्यांनी फक्त उलटा प्रवास दाखवला.

पुढच्याच वर्षी, रवींद्र-शताब्दीच्या निमित्ताने केलेल्या ‘तीन कन्या’त, त्यांनी ‘मणिहारा’ घेतली. ही मात्र निखळ भूतकथा. परदेशी पाठवताना हा भाग वगळून दोनच कन्या पाठवण्यात आल्या, ही बाब भूतकथेकडे आपण कोणत्या नजरेने पाहतो याची द्योतक आहे. या कथेचा मी अनुवाद केला आहे, आणि माझी पहिली ठेच नावालाच लागली. बंगालीत ‘मणिहारा’ म्हणजे मणि हरवलेला. आणि पत्नीचे नाव मणिमालिका असल्यामुळे, मणीला गमावलेला. मराठी वाचक मात्र ते नाव ‘मण्यांचा हार’ असे वाचतो. म्हणजे मूळ शब्दात जी उणीव आहे ती आपल्याकडे अलंकार होऊन बसते! ‘हरवलेला मणी’ केले तर एखाद्या बालकथेसारखे वाटते. ‘मणिहीन’ केले तर शिलालेखासारखे. भयकथेचे नाव हीच तिची पहिली पाटी असते, आणि पहिल्या पाटीवरच अनुवादक हरला की पुढच्या पानांवर त्याला ते कर्ज फेडत बसावे लागते. मी शेवटी मूळ नाव तसेच ठेवले आणि पहिल्या परिच्छेदात घाटाच्या पडक्या पायऱ्यांचे वर्णन करताना ‘हरवणे’ हे क्रियापद दोनदा आणले. एका ज्येष्ठ मित्राने हे स्वातंत्र्य अक्षम्य मानले. त्यांचे म्हणणे कदाचित बरोबर असेल.

कथेचा आरंभ दोन्हीकडे घाटावरच होतो, पण एक मोठा भेद आहे. रवींद्रनाथांच्या कथेत ऐकणाराच ‘मी’ आहे. गावचा मास्तर त्याला त्या पडक्या घराची कथा सांगतो, आणि शेवटी तो ‘मी’ म्हणतो की फणिभूषण साहा माझेच नाव, आणि माझ्या पत्नीचे नाव मात्र भलतेच होते. सगळी भूतकथा एका कोरड्या विनोदात संपते. राय यांनी ऐकणाऱ्याला शालीत गुंडाळून मास्तरासमोर बसवले. तो आपले नाव सांगतो आणि नाहीसा होतो, आणि मास्तर पळत सुटतो. आपण ज्याला प्रेक्षक समजलो तोच भूत निघाला. चित्रपटाच्या पहिल्या दृश्यात ती शाल आपल्यासमोर होती. पूर्वरंगातच नटाचे नटपण दाखवले पाहिजे, हा शास्त्रार्थ राय यांनी असा पाळला की ते दाखवलेले कोणाच्या लक्षात येऊ नये.

सत्तरीनंतर मुंबईत रामसे बंधू आले, आणि लाज संपली. ‘दो गज जमीन के नीचे’ (१९७२) पासून सात भावांनी दिग्दर्शन, छायाचित्रण, ध्वनी, संकलन असे घरातल्या घरात वाटून घेतले, आणि महाबळेश्वरच्या बंगल्यांतून चित्रण उरकले. त्यांच्या नामावलीत तेच आडनाव पुन्हापुन्हा येते. प्रेक्षक त्यावर हसत, आणि तोही एक प्रकारचा धीरच होता. परंतु त्यांनी एक रचना रूढ केली तिची दखल घेतली पाहिजे. ‘पुराना मंदिर’मध्ये (१९८४) नावांच्या आधी दोनशे वर्षांपूर्वीची सबंध पूर्वकथा येते : राजा, राजकन्या, सामरी नावाचा नराधम, त्याचा शिरच्छेद, धड एकीकडे आणि मस्तक पेटीत दुसरीकडे, आणि राजवंशातील स्त्रियांना दिलेला शाप. मग नावे. म्हणजे भूत आहे की नाही हा प्रश्नच चित्रपट सुरू होण्यापूर्वी निकालात निघतो. पुढे प्रश्न एवढाच की पेटी कोण उघडणार. फ्रेंच समीक्षक तोदोरोव्हने १९७० साली म्हटले होते की अद्भुताचा प्राण संदेहात असतो. त्या मापाने ‘महल’ श्रेष्ठ आणि ‘पुराना मंदिर’ हीन ठरेल. मला हा निवाडा थोडा घाईचा वाटतो. कीर्तनाला जाणाऱ्या श्रोत्याला हिरण्यकश्यपूचे काय होणार हे ठाऊकच असते. त्यामुळे खांब फुटण्याची वाट पाहण्यातील गोडी कमी होत नाही.

या चित्रपटांची पहिली पाटी रामशांनी लिहिलेली नसेच. ती सरकारची असे. अभ्यवेक्षण मंडळाचे प्रमाणपत्र प्रत्येक भारतीय चित्रपटाच्या अग्रभागी यावेच लागते. त्यावर रोमन ‘ए’ आणि नागरी ‘व’ ही अक्षरे दिसली की त्या काळी तिकीट-खिडकीवर वय चोरून आलेल्या पोरांच्या रांगांतून शिट्टी उठत असे. ‘व’ म्हणजे वयस्क. रिळांची संख्या, लांबी, सह्या, शिक्का. दफ्तरी कागदाने भयाची द्वाही फिरवावी, हा प्रकार अन्यत्र क्वचितच आढळेल, आणि माझ्या मते कोणत्याही ओघळत्या अक्षरांपेक्षा तो अधिक परिणामकारक होता.

मराठीत भयपट थोडे. गूढकथा मात्र भरपूर. नारायण धारप, रत्नाकर मतकरी यांनी वाचकाच्या दोन पिढ्या जागवल्या. पडद्यावर १९७६ चा ‘हा खेळ सावल्यांचा’ राहिला तो हृदयनाथ मंगेशकरांच्या संगीतामुळे. त्याच्या नावात ‘खेळ’ हा शब्द आहे, आणि पूर्वरंगाचा सगळा प्रामाणिकपणा त्यात आहे, असे मला वाटते. चाळीस वर्षांनी, २०१६ मध्ये, त्यातील गाण्याचे पहिले शब्द घेऊन ‘रात्रीस खेळ चाले’ ही दूरचित्रवाणी मालिका आली. मालिकेच्या नामावलीचे काम निराळे असते. ती एकदा नव्हे, रोज वाजते. स्वयंपाकघरातल्या माणसाला बाहेर बोलावते. तिच्यातले भय दोन आठवड्यांत सवयीचे होते, आणि मग ती घड्याळाच्या टोल्यासारखी उरते. तीच गोष्ट १९९३ मध्ये सुरू झालेल्या रामशांच्या ‘झी हॉरर शो’ची. त्यातील गोष्टी विसरलेल्या लोकांना त्याचे आरंभसंगीत मात्र आजही आठवते.

‘तुंबाड’ (२०१८) हिंदीत आहे, पण त्याची माती कोकणची. नाव ऐकताच मराठी वाचकाला श्री. ना. पेंडसे यांचे ‘तुंबाडचे खोत’ आठवते. म्हणजे पहिल्या पाटीपूर्वीच एक कादंबरी मनात उभी राहते, आणि चित्रपटाचा तिच्या कथानकाशी संबंध नाही, हे कळूनही ती जात नाही. आरंभी गांधीजींच्या नावावर रूढ असलेले गरज आणि हाव यांविषयीचे वचन येते, मग बाप मुलाला सांगतो ती देवीची आणि तिच्या पहिल्या पुत्राची, हस्तरची, गोष्ट. मग १९१८ साल आणि पाऊस. वचन येथे मला ओझे वाटले. बोधवाक्याने सुरू होणारे भय हे परवाना घेऊन आलेल्या वाघासारखे असते. मात्र त्यानंतरचा आवाज अस्सल आहे. बाप गोष्ट सांगतो आहे, मुलगा ऐकतो आहे, आणि गोष्टीतला लोभ बापाच्या स्वरातच आहे. ‘मणिहारा’तील घाट, ‘महल’मधील माळी आणि हा बाप यांची एकच जात आहे. आपल्याकडचे भय अक्षरांवर फारसे कधी विसंबले नाही. ते कोणाच्या तरी तोंडून येते, आणि सांगणारा माणूस कितपत विश्वासाचा, ही शंका त्याच्याबरोबर येते.

आता चित्रपट घरच्या पडद्यावर पाहिले जातात, आणि नामावली वगळण्यासाठी बोटभर जागा कोपऱ्यात करून दिलेली असते. गेल्या पावसाळ्यात भाचा आला होता. मी ‘देवी’ लावला आणि चहा करण्यासाठी आत गेलो. परत येतो तो त्याने सवयीने आरंभ पुढे सरकवला होता आणि पडद्यावर शोभेचे बाण फुटत होते. त्याला पूजेचे दृश्य उत्सवाचे वाटले. मी काही न बोलता चित्रपट मागे नेला. तो पांढरा चेहरा आला, नावे येऊ लागली. तो थोडा वेळ नावे वाचत होता, मग वाचायचे थांबला, आणि चेहऱ्यावर रंग चढू लागला तेव्हा त्याने विचारले, “मामा, हे करतंय कोण?”